सीटला दोन इंच जास्त

मास्तरांना घरात बसवून ठेवायचं म्हणजे चालू मशीनचं चाक हातानं धरून थांबवण्यातला प्रकार. ऑपरेशनला पाच दिवस झाले होते, घरी येऊन तीन, आणि एवढ्यात त्यांनी बाहेरच्या खोलीचे पडदे उसवून परत शिवायला काढले होते. का, तर म्हणे खालची दुमड अर्धा इंच वर-खाली आहे. ती अकरा वर्षं तशीच होती आणि अकरा वर्षांत कुणाचं काही अडलं नव्हतं.

"अहो, बसा की घटकाभर एका जागी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बसलो की उठावं लागतं. उठलो की नळी ओढते. त्यापेक्षा उभाच बरा."

"मग उभे राहा. पण येरझाऱ्या नका घालू, मला गरगरतंय."

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. चौकाच्या कोपऱ्यावर पुरुषांच्या कपड्यांचं दुकान, वय चौसष्ट, हातात कात्री आणि जिभेवर दुसरी. रक्ताच्या तपासणीत प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला, मग सुईनं तुकडे काढून तपासले, मग डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की कॅन्सर आहे, पण अजून ग्रंथीच्या आतच आहे, तेव्हा ग्रंथीच काढून टाकू. पोटाला सहा बारीक भोकं पाडून यंत्राच्या हातांनी ती काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं त्यांना उठवून चालायला लावलं, तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. आता पोट फुगलेलं, खोकला आला की टाके आठवायचे, आणि मूत्राशयातून निघालेली नळी पायजम्याच्या आतून खाली येऊन एका पिशवीत उतरलेली. ही नळी दहा दिवस ठेवायची होती.

दहा दिवस का, तेही डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. ग्रंथी मधून काढली की मूत्राशय आणि खालची वाट यांची तोंडं एकमेकांना शिवावी लागतात, आणि तो जोड भरून यायला वेळ लागतो. शिवायचं म्हटल्यावर मास्तर खुर्चीत पुढे सरकले.

"टाका कुठला घालता?"

"धावदोऱ्यासारखा असतो," डॉक्टर हसून म्हणाले.

"जोडाला धावदोरा? अहो, उलटी टीप तरी मारा!"

डॉक्टरांना वाटलं, माणूस धीराचा आहे, थट्टा करतोय. थट्टा कसली! मास्तर भ्यायले होते. आणि भ्यायले होते ते मरणाला नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. डॉक्टरांनी पुढे काय काय होईल त्याची जी यादी सांगितली, त्यातलं एकच वाक्य त्यांच्या डोक्यात रुतून बसलं होतं: नळी काढल्यावर काही आठवडे, कदाचित काही महिने, खोकताना, हसताना, वजन उचलताना आणि खाली बसून उठताना लघवी गळेल.

खाली बसून उठताना. आता मास्तरांचं काम काय? दुकानाची रीतच अशी की माप घेणार ते मास्तर, दुसऱ्या कुणी टेपला हात लावायचा नाही. शिवायला बॉबिन नावाचा कारागीर होता. वीस वर्षं एका मशीनवर बसून त्याला हेच नाव पडलं होतं, खरं नाव बहुतेक त्याच्या घरीही विसरले असतील. पण माप मास्तरांचंच. कंबर, सीट, मांडी उभ्यानं घ्यायची, मग उजवा गुडघा टेकून खाली बसायचं, आतली लांबी घ्यायची, पायाच्या तळाची मोहरी बघायची, आकडा मोठ्यानं बोलायचा आणि एका झटक्यात उठून वहीत लिहायचा. आकडा मनात असताना ते कुणाशी बोलत नसत. चाळीस वर्षं हेच. आता गिऱ्हाइकापुढे गुडघा टेकून उठायचं आणि पँट भिजायची, ही कल्पनाच त्यांना चटका देत होती. ते झालं तर दुकान बंद करायचं, एवढं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. बायकोला हे सांगितलं नव्हतं. जगाला तर हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं.

"हर्निया का पण?" मास्तरीणबाईंनी विचारलं होतं.

"हर्नियाला कुणी हसत नाही."

दुकानात काय काय हसलं जातं ते मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. निम्म्याहून जास्त त्यांनीच हसवलेलं असायचं.

सहाव्या दिवशी त्यांच्यानं राहवेना. चालायला तर डॉक्टरांनीच सांगितलंय, मग दुकानापर्यंतच चालतो म्हणाले. अडचण एकच, पिशवी. ती पायाला बांधली की पायजम्यातून फुगवटा दिसायचा. हातात धरायची तर सगळ्या चौकाला हर्नियाचा पत्ता लागायचा. मग मास्तरांनी सकाळभर बसून, म्हणजे उभं राहून, एक काम केलं. जुन्या लांब कोटाचं अस्तर उसवलं आणि आत, डाव्या बगलेखाली, हातानं एक चोरखिसा शिवला. काय खिसा होता! पिशवीच्या मापाचा, तळाला दुहेरी कापड, नळीला वळण घ्यायला बारीक काज ठेवलेलं. कोट अंगावर चढवून आरशासमोर उभे राहिले, तर आत काही असेल असा संशयसुद्धा कुणाला आला नसता.

"दिसतंय का काही?"

"नाही बाई," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनाही कौतुक वाटलं, खोटं कशाला बोला.

मास्तर ऐटीत दुकानात गेले. बॉबिनच्या तीन टिपा नापास केल्या, कापडांच्या गठ्ठ्यांच्या लावणीवरून त्याला झापलं आणि तासाभरात घामाघूम झाले. पोटात खाली काहीतरी दगडासारखं दाटून आलं. मग कळा. मग नळीच्या कडेनं ओलं. "हर्निया दुखतोय," असं पुटपुटत ते कसेबसे घरी आले, आणि मास्तरीणबाईंनी त्यांना आल्या पावली दवाखान्यात नेलं. रस्ताभर मास्तर एकच बोलत होते, "जोड उसवला. मी म्हटलं होतं उलटी टीप मारा."

सिस्टरनं कोट उघडला, बगलेतली पिशवी बाहेर काढून पलंगाच्या खाली लटकवली. पिशवी बघता बघता भरली. मास्तरांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"काका, पाणी कधी वर चढतं का?" सिस्टर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पिशवी कायम कंबरेच्या खाली. घरी पाठवताना दोनदा सांगितलं होतं."

"पण तिथं दिसते ती."

"दिसू दे की! दिसली तर काय होतंय? आणि हा खिसा..." तिनं अस्तर उलटून शिवण बोटानं चाचपली. "खिसा झकास आहे हो. हाच पोटरीला शिवला असता तर मी तुम्हाला बक्षीस दिलं असतं."

मास्तरीणबाईंना हसू आवरेना. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दहाव्या दिवशी नळी निघाली आणि पॅड आलं. सिस्टरनं व्यायाम शिकवला. लघवी मध्येच थांबवताना जे आखडतं ते आत ओढायचं, पाच मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. मास्तरांनी पहिल्याच दिवशी तीस वेळा केलं, दुसऱ्या दिवशी शंभर. बसता ओढ, उठता ओढ, जेवतानासुद्धा मध्येच घास थांबवून नजर शून्यात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आधीपेक्षा जास्त गळायला लागलं, तेव्हा सिस्टरला फोन केला.

"स्नायू दमला तुमचा," ती म्हणाली. "हे काय शिवणकाम आहे का, ओव्हरटाइम केला की लवकर होईल? सांगितलंय तेवढंच करा."

एवढंच नव्हतं. डॉक्टरांनी नवरा-बायकोला शेजारी बसवून दुसरंही सांगितलं होतं. एका बाजूची नस वाचवली आहे, दुसरीकडची काढावी लागली. नवरेपण जागेवर यायला वर्ष-दीड वर्ष लागेल, गोळ्या लागतील, आणि पहिल्यासारखं होईलच असं वचन देता येत नाही. त्यावर घरात कुणी काही बोललं नव्हतं. एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता मास्तरांनीच विषय काढला, तोही रागावल्यासारखा.

"तुला काहीच वाटत नाही का?"

"कशाचं?"

"कशाचं काय! माहीत आहे कशाचं."

मास्तरीणबाईंनी हातातला टॉवेल खाली ठेवला. "वाटतं ना. न वाटायला मी काय लाकडाची आहे? पण त्या यंत्राच्या खोलीबाहेर साडेचार तास बसले होते मी. तेव्हा मनात एवढंच होतं की हा माणूस बाहेर येऊ दे, मग कसाही येऊ दे. आलात. आता बाकीचं होईल तसं होईल." मग नाक पुसून म्हणाल्या, "आणि एवढी काळजी असेल माझी, तर चाळीस वर्षांत एकदा तरी मला काही शिवून द्यायचंत. सगळ्या शहरातले पुरुष नटवलेत."

मास्तरांना हसू आलं. हसू आलं आणि त्याबरोबर गळलं, आणि ते चडफडत आत गेले.

सहा आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला. आकडा जवळजवळ शून्य. डॉक्टरांनी उठून हात मिळवला. काढलेल्या ग्रंथीच्या कडेचे तुकडेही स्वच्छ आहेत, आता दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि मजेत राहायचं, असं म्हणाले. मास्तरीणबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आणि आमचे मास्तर काय म्हणाले?

"ते ठीक आहे. पण गुडघ्यावर बसून उठता येईल ना?"

"येईल की. हळूहळू येईल."

मास्तरांनी त्यातलं 'येईल' तेवढं ऐकलं. 'हळूहळू' तिथेच टेबलावर राहिलं. बायकोला रिक्षात बसवून ते थेट दुकानात गेले, गळ्यात टेप अडकवला आणि समोर उभ्या असलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "या साहेब, उभे राहा सरळ."

गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या हॉटेलचा दारवान होता, गणवेश शिवायला आलेला सव्वासहा फुटांचा गडी. कंबर झाली, सीट झाली, मांडी झाली. मास्तरांनी गुडघा टेकला. आतली लांबी घेतली, मोठ्यानं आकडा बोलले, आणि जुन्या सवयीनं एका झटक्यात उठले.

सकाळपासून पॅड बदललेलं नव्हतं. रिपोर्टच्या घाईत लक्षातच राहिलं नव्हतं. उबदार ओल मांडीवरून खाली उतरताना त्यांना कळली, आणि फिक्या तपकिरी पँटवर ती कुठे दिसेल तेही कळलं, कारण हा धंदाच त्यांचा. दारवान वहीकडे बघत होता. बॉबिन मान वर करणारच होता. मास्तरांनी कोपर मागे नेलं आणि टेबलावरचा पाण्याचा तांब्या अंगावर पाडून घेतला.

"अरे देवा! बघ, कुठं ठेवलाय तांब्या!" असे ते बॉबिनवर ओरडले.

बॉबिन बिचारा फडकं घेऊन धावला. तांब्या मास्तरांनीच तिथे ठेवलेला होता. दारवानाला उद्या या म्हणून सांगितलं, आणि आतल्या खोलीत जाऊन मास्तर कापडाच्या गठ्ठ्यावर बसून रडले. अगदी हुंदके देऊन रडले. कॅन्सर गेल्याच्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, स्वतःसाठी एक पँट शिवायची. काळी, म्हणजे दिसायचं नाही, आणि आत पॅड मावेल अशी ढगळ. मापाची जाड वही उघडली आणि कोऱ्या पानावर स्वतःचंच माप लिहायला घेतलं. कंबर छत्तीस. सीट चाळीस, त्याच्यापुढे त्यांनी लिहिलं, 'दोन इंच जास्त'.

पेन्सिल तिथेच थांबली.

हे शब्द त्यांनी ऐकले होते. कुणी म्हटलेले? ते वही मागे मागे उलटत गेले. बॉबिननं दोनदा काहीतरी विचारलं, त्यांना ऐकू गेलं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या एका पानावर त्यांना स्वतःचंच अक्षर सापडलं. सीट एकोणचाळीस. आणि शेजारी तांबड्या पेन्सिलीनं: 'एक्केचाळीस मागतो. द्यायची नाही.'

पान ग्रंथपालांचं होतं. शहराच्या वाचनालयातले ग्रंथपाल, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, दर वर्षी फिक्या राखाडी रंगाच्या दोन पँटी. हळू बोलायची सवय इतकी की दुकानातसुद्धा कुणी वाचत बसलंय असं वाटावं. त्या दिवशी दुकान गच्च भरलेलं होतं. ग्रंथपाल बराच वेळ कोपऱ्यात उभे राहिले, गर्दी हटेल म्हणून. गर्दी हटली नाही. शेवटी मास्तरांच्या कानाशी येऊन म्हणाले, "या वेळी काळं कापड घ्या. आणि सीटला दोन इंच जास्त सोडा."

आणि मास्तर? मास्तर सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडले, "दोन इंच? का हो ग्रंथपालसाहेब, खाली उशी बांधून फिरता काय? का पुस्तकांवर बसून बसून बूड वाढलं?"

दुकान खदखदून हसलं. बॉबिनसुद्धा हसला. ग्रंथपालही थोडेसे हसले, हे मास्तरांना आता लख्ख आठवलं. वर त्या माणसाला दोन इंच दिलेही नाहीत. माझ्या हातून ढगळ पँट जायची नाही, लोक मला नावं ठेवतील, म्हणून अंगाबरोबर शिवून दिली. ग्रंथपालांनी घडी केलेली पँट मुकाट्यानं नेली आणि नंतर कधी दुकानाची पायरी चढले नाहीत.

मास्तर तसेच घरी आले.

"अगं, ते ग्रंथपाल. त्यांना कधी काही झालं होतं का? असं... माझ्यासारखं?"

मास्तरीणबाई खुर्चीत बसून उसवलेला पडदा एकदाचा पुरा करत होत्या. त्यांनी सुई थांबवली.

"तेच झालं होतं. त्यांच्या बायकोनंच मला आपल्या डॉक्टरांचं नाव दिलं. तुम्हाला काय वाटलं, मी लॉटरी काढून डॉक्टर निवडला?"

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सांगून? तुम्ही त्यांची दुकानात काय गत केलीत, तेही तिनंच सांगितलं मला. मान खाली घालून ऐकलं मी. तरी तिनं नाव दिलं, फोन नंबर दिला, पॅड कुठलं घ्यायचं तेसुद्धा लिहून दिलं." मग दोरा तोडून त्या म्हणाल्या, "तुम्ही हर्निया हर्निया करत होतात, तेव्हा ते दोघं सगळं जाणून होते."

मास्तर बसले. उठले. परत बसले. त्या रात्री त्यांना झोप म्हणून लागली नाही, आणि सकाळी दुकान उघडल्या उघडल्या त्यांनी स्वतःची पँट बाजूला सारून ग्रंथपालांची कापायला घेतली. जुनंच माप, काळं कापड, सीट एक्केचाळीस. बॉबिनला मशीनवरून उठवलं आणि स्वतः बसले. पायडल मारताना थोडं थोडं गळत होतं, पण कालपरवासारखी चिडचिड झाली नाही. दोन दिवसांत पँट तयार झाली. एवढी सुबक ढगळ पँट त्यांनी जन्मात शिवली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती कागदात गुंडाळून ते ग्रंथपालांच्या दारात उभे राहिले. दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे झाले होते, बाकी माणूस तोच, आवाज तोच.

"या मास्तर. हर्निया कसा आहे?"

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. आत आले, खोलीभर पुस्तकं, मऊ कापडाचा सोफा. बसायला वाकले आणि तसेच थबकले.

"त्या लाकडी खुर्चीवर बसा," ग्रंथपाल म्हणाले. "पुसता येते. वर्षभर माझी जागा तीच होती."

मास्तर त्या खुर्चीवर बसले. समोर भिंतीवर मोठा फोटो होता, मुलीच्या लग्नातला. सगळं घर दोन रांगांत बसलेलं, मध्ये नवरा-नवरी, नवरीची आई शेजारी. आणि बाप मात्र बसलेला नव्हता. तो एका उंच पाठीच्या खुर्चीमागे उभा होता, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून, कमरेखालचं सगळं झाकलेलं. पँट कुठली होती ते दिसत नव्हतं. पण तारीख फोटोवर छापलेली होती आणि वहीतलं ते पान मास्तरांना आता पाठ होतं.

"ही तीच... माझी पँट?"

"हो. अंगाबरोबर होती ना. जाड पॅड घातलं की उठून दिसायचं, म्हणून पातळ लावलं. ते पुरलं नाही." ग्रंथपाल फोटोकडे न बघता बोलत होते. "सगळ्या फोटोंत मी खुर्चीमागेच आहे. मुलगी म्हणत होती, बाबा, एका तरी फोटोत शेजारी बसा."

मास्तरांनी हात जोडले. "साहेब, मी गाढव आहे. मला हे कळायला स्वतःला व्हावं लागलं. तुम्ही कानात सांगितलंत आणि मी ते दुकानभर ओरडलो. मला माफ करा, नाहीतर चार शिव्या द्या, पण काहीतरी बोला."

"शिव्या तेव्हा खूप दिल्या. मनातल्या मनात. आता संपल्या." ग्रंथपालांनी कागदाच्या पुडक्याकडे बोट केलं. "त्यात काय आहे?"

मास्तरांनी पँट त्यांच्या हातात दिली. ग्रंथपालांनी ती उलगडली, आतून बघितली, सीटपाशी बोटं फिरवली. आत जाऊन घालून आले. पँट मागून पिशवीसारखी लोंबत होती. दोन इंच रिकामेच्या रिकामे.

"मास्तर, दीड वर्ष झालं, मी कोरडा आहे," ते म्हणाले. "पॅड नाही, काही नाही. आता नको हो जास्तीचं."

मास्तर बघतच राहिले. थांबतं तर! खरंच थांबतं! उडी मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्या लोंबत्या दोन इंचांकडे बघवेना. मागितले तेव्हा दिले नाहीत, दिले तेव्हा ते कुणाच्या उपयोगाचे नव्हते.

"किती दिवस लागले?" त्यांनी हळूच विचारलं.

"चौदा महिने. कुणाला तीन लागतात. मला चौदा लागले." ग्रंथपाल त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. "माप घ्या माझं. नवीन. टेप आणलाय ना?"

टेप गळ्यात नसता तर ते मास्तर कसले? त्यांनी कंबर घेतली, सीट घेतली, मांडी घेतली. मग अडले. ग्रंथपाल सरळ उभे राहिले. मास्तरांनी गुडघा टेकला, आतली लांबी घेतली, मोहरी बघितली. आकडा झाला आणि उठायची वेळ आली. ते तसेच जमिनीकडे बघत राहिले.

"झटक्यानं नाही," वरून तोच वाचनालयातला आवाज आला. "आधी आत ओढा. ओढलंत? आता श्वास सोडा. सोडता सोडता उठा. माझ्या हाताला धरा."

मास्तर चाळीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाचा हात धरून उठले. पूर्ण उभे राहिले. थांबून वाट बघितली. एक थेंब आला असेल नसेल, पुढे काही नाही. त्यांनी खिशातून वही काढली, पण आकडा विसरले होते. हेही चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

"अठ्ठावीस म्हणालात," ग्रंथपाल म्हणाले.

मास्तरांनी अठ्ठावीस लिहिलं. मग सीटपाशी पेन्सिल टेकवून त्यांनी विचारलं, "आणि सीट किती ठेवू?"

"आहे तेवढीच ठेवा. अंगाबरोबर." ग्रंथपालांनी लोंबणारी काळी पँट चिमटीत धरून बघितली. "ही तुम्ही घेऊन जा. तुम्हाला थोडी आवळून बसेल, वर्षभर वापरा. आणि माझ्यासाठी फिकं राखाडी कापड घ्या, पूर्वीचं."

"एका पँटीचं?"

"दोन पँटींचं घ्या. एक माझी आणि एक तुमच्या मापाची. तुमची शिवून कपाटात ठेवून द्या," ग्रंथपाल म्हणाले, "घालायची वेळ आली की मला येऊन सांगा."